अनुदानाच्या सहीआधी: कोक्रेन लायब्ररी, सात वर्षांच्या वापरानंतर

आरोग्य संशोधनाला पैसे देणाऱ्या एका फाउंडेशनमध्ये मी अनुदानांचं काम बघते. आलेले प्रस्ताव वाचायचे, परीक्षकांकडे पाठवायचे, त्यांचे शेरे एकत्र करून विश्वस्तांपुढे टिपण ठेवायचं आणि पैसे गेले की पुढची तीन-चार वर्षं अहवालांचा पाठपुरावा करायचा. या सगळ्यात मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली एकच सेवा सांगा म्हटलं, तर मी कोक्रेन लायब्ररीचं नाव घेईन. डॉक्टर मंडळी तिच्याबद्दल बोलतात ते उपचार ठरवण्याच्या अंगाने. पैसे देणाऱ्याच्या खुर्चीतून ती कशी दिसते, ते मला सांगायचं आहे.

तिच्याकडे मी वळले ते एका चुकीमुळे. आम्ही एका चाचणीला तीन वर्षांचं अनुदान दिलं होतं. दुसऱ्या वर्षीच्या अहवालाला जोडलेली संदर्भांची यादी चाळताना एका आढाव्याचं नाव दिसलं, म्हणून तो उघडला. आम्ही ज्या प्रश्नासाठी पैसे दिले होते त्याचं उत्तर तिथे होतं. आमची सही होण्याच्या चार वर्षं आधी छापलेलं, आणि चांगलं पक्कं. प्रस्ताव तीन परीक्षकांच्या नजरेखालून गेला होता, माझ्याही. या प्रश्नावर आधी काय काय झालंय, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं. पैशांचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त टोचलं ते वेगळंच. त्या चाचणीत निम्म्या रुग्णांना जुना, कमी गुणाचा उपचार मिळत होता, आणि तो आमच्या अनुदानामुळे मिळत होता. ती रात्र मला नीट झोप लागली नाही.

कोक्रेन म्हणजे काय, ते थोडक्यात. एखाद्या उपचाराबद्दल जगभर जितक्या चाचण्या झाल्या असतील, त्या सगळ्या ठरलेल्या पद्धतीने शोधायच्या, प्रत्येकीची गुणवत्ता तपासायची, जमेल तिथे आकडे एकत्र करायचे आणि एकत्रित उत्तर काय निघतं ते लिहायचं. या कामाला पद्धतशीर आढावा म्हणतात. आर्ची कोक्रेन या ब्रिटिश डॉक्टरच्या नावाने 1993 साली ऑक्सफर्डमध्ये ही संस्था उभी राहिली. औषध बनवणाऱ्या कंपन्यांकडून ती आढाव्यांसाठी पैसे घेत नाही. तिचे आढावे जिथे वाचायला मिळतात, ती ही लायब्ररी. त्याच ठिकाणी चाचण्यांची एक प्रचंड मोठी नोंदसूचीही आहे.

या सेवेचं सगळं मर्म तिच्या बोधचिन्हातच आहे, असं मला वाटतं. वर्तुळात एक उभी रेघ, तिला छेदणाऱ्या काही आडव्या रेघा आणि खाली एक चौकट, शंकरपाळ्याच्या आकाराची. ती नुसती नक्षी नाही, खऱ्या चाचण्यांचा आलेख आहे. मूल वेळेआधी जन्मणार अशी चिन्हं दिसली की आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं द्यायची, म्हणजे बाळाची फुप्फुसं लवकर पक्व होतात. मेंढ्यांवरच्या प्रयोगांतून ही गोष्ट न्यूझीलंडमधल्या ग्रॅहम लिगिन्सच्या लक्षात आली, आणि रॉस हॉवीबरोबर त्याने केलेली माणसांवरची पहिली चाचणी 1972 साली छापून आली. पुढे 1991 पर्यंत आणखी सात झाल्या. बोधचिन्हातली प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक चाचणी. मधली उभी रेघ म्हणजे ‘काही फरक नाही’. बऱ्याचशा रेघा तिला स्पर्श करतात, म्हणजे एकटीच्या बळावर ती चाचणी ठाम काही सांगू शकत नाही. सगळ्या एकत्र केल्या की खालचा शंकरपाळा उभ्या रेघेपासून स्पष्ट बाजूला सरकतो: या इंजेक्शनांनी बाळं वाचतात. पण 1989 पर्यंत कोणी या चाचण्या एकत्र मांडून छापल्याच नाहीत. तोवर बहुतेक प्रसूतितज्ज्ञांना हा उपचार इतका गुणकारी आहे याची कल्पना नव्हती. या उशिरामुळे हजारो बाळं विनाकारण गेली असावीत, असं कोक्रेनचे लोक स्वतःच सांगतात.

त्या रेघांपैकी एकेक रेघ म्हणजे कोणीतरी दिलेलं अनुदान, हे मला एकदम जाणवलं आणि मी खुर्चीत ताठ बसले. प्रत्येक देणाऱ्याने आपली चाचणी संपली, अहवाल आला, फाइल बंद केली. शंकरपाळा काढायचं काम कोणाच्याच अनुदानात नव्हतं.

बाळं पालथी झोपवण्याची गोष्टही अशीच आहे. पालथं झोपवणं धोक्याचं आहे हे दाखवणारा पुरावा 1970 पर्यंत साचला होता. तो तेव्हाच एकत्र केला असता तर एकट्या ब्रिटनमध्ये 10,000 हून अधिक, आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड मिळून किमान 50,000 बाळांचे मृत्यू टळले असते, असं 2005 साली छापलेल्या एका अभ्यासाने दाखवलं. उलटही होतं, म्हणजे उत्तर मिळाल्यावरही तोच प्रश्न विचारत राहणं. शस्त्रक्रियेतला रक्तस्राव कमी करणाऱ्या अॅप्रोटिनिन या औषधाच्या 1987 ते 2002 या काळात 64 चाचण्या झाल्या. रक्त चढवण्याची गरज कमी होते, हे 1992 साली बाराव्या चाचणीनंतरच पुरेसं स्पष्ट झालं होतं. उरलेल्या बावन्न चाचण्यांना कोणी ना कोणी मंजुरी दिली, पैसे दिले. आमच्यासारख्याच एखाद्या समितीने.

2009 साली इयन चामर्स आणि पॉल ग्लाझियू यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अंदाज मांडला: वैद्यकीय संशोधनावरची सुमारे 85 टक्के गुंतवणूक वाया जाते. तो आकडा मी विश्वस्तांना पहिल्यांदा दाखवला तेव्हा कोणाचा विश्वास बसला नाही. मग मी त्यांना त्यामागचा हिशेब घागरींनी समजावला. शंभर घागरी पाणी निघालं. निम्म्या घागरींना मुळातच टाळता येण्यासारखी चीर, म्हणजे चाचणीची आखणीच सदोष. उरलेल्या पन्नासांपैकी निम्म्या घरी पोचतच नाहीत, कारण निष्कर्ष छापलेच जात नाहीत. पोचलेल्या पंचवीसांपैकी निम्म्यांतलं पाणी पिण्यासारखं नाही, कारण अहवाल इतका अपुरा की त्यावरून कोणाला काही करता येत नाही. हाती उरतात बारा-तेरा घागरी. नेमका आकडा पाच-दहाने इकडेतिकडे झाला तरी चित्र बदलत नाही. आणि ही तिन्ही गळती पैसे देणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर आहे, हे त्या दिवशी आमच्या बैठकीत सगळ्यांच्या लक्षात आलं.

आता वापराबद्दल. प्रस्ताव आला की मी त्यातला प्रश्न चार तुकड्यांत मोडते: रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी आणि मोजणार काय. मग शोध घेते. आढावा सापडला की सुरुवातीचा गोषवारा वाचते, आणि सोप्या भाषेतला सारांश विश्वस्तांसाठी बाजूला काढते. हे दोन्ही कोणालाही मोफत वाचता येतात. सारांश अनेक भाषांत असतात आणि खरोखरच वाचण्याजोगे असतात. पण माझा जीव आहे तो निष्कर्षांच्या तक्त्यावर. एकेका परिणामासमोर किती चाचण्या, किती माणसं, किती फरक आणि त्या फरकाची खात्री किती, हे एका ओळीत दिलेलं असतं. खात्रीच्या चार पायऱ्या आहेत: उच्च, मध्यम, कमी, अतिशय कमी. आणि पायरी का उतरली, याचं कारण तळटिपेत असतं. त्या तळटिपा सोडू नका. चाचण्या लहान म्हणून खात्री कमी असेल तर एका मोठ्या चाचणीला पैसे देण्यात अर्थ आहे. चाचण्या ढिसाळ होत्या म्हणून कमी असेल, तर त्याच धाटणीची आणखी एक चाचणी म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दुसरी खास जागा शेवटाकडे आहे. प्रत्येक आढाव्यात ‘पुढच्या संशोधनासाठी’ असा एक परिच्छेद असतो. उपचार करणारा माणूस तिथवर पोचतही नसेल, पण आमच्यासाठी ते पान म्हणजे तयार यादी: कोणता प्रश्न सुटला, कोणता राहिला, कोणत्या वयाच्या किंवा कोणत्या परिस्थितीतल्या लोकांबद्दल काहीच माहीत नाही. सगळेच परिच्छेद सारखे नेमके नसतात. काहींत नुसतं ‘आणखी मोठ्या, चांगल्या चाचण्या हव्यात’ एवढंच लिहिलेलं असतं, त्यातून आम्हाला काही मिळत नाही. पण जिथे लेखकांनी मन लावून लिहिलंय, तिथे ते एक पान आमच्या दिवसभराच्या चर्चेच्या तोडीचं ठरतं.

आणि रिकामे आढावे. शोध पूर्ण केला, निकषांत बसणारी एकही चाचणी सापडली नाही, असं प्रामाणिकपणे सांगणारे आढावे या लायब्ररीत आहेत. डॉक्टरची तिथे निराशा होत असेल. मी मात्र असा आढावा दिसला की छापून भिंतीला लावते. अर्थात जागा रिकामी आहे एवढ्यावर तिथे पैसे ओतायचे असं नाही. कदाचित त्या प्रश्नाचं कोणाला पडलेलंच नसेल. म्हणून माझ्या मते या लायब्ररीसोबत जेम्स लिंड अलायन्सच्या याद्याही उघड्या ठेवायला हव्यात. 2004 पासून ही मंडळी रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून एकेका आजारातले सर्वांत महत्त्वाचे दहा अनुत्तरित प्रश्न निवडून घेतात. गुडघ्याच्या संधिवातावरचं संशोधन बहुतांश औषधांभोवती फिरत होतं आणि रुग्णांना हवी होती ती व्यायाम, शस्त्रक्रिया, आजाराची समज यांबद्दलची उत्तरं, हे 2000 सालीच एका अभ्यासात दिसलं होतं. काय माहीत नाही ते लायब्ररी सांगते. त्यातलं काय कळायला हवंय, हे रुग्णच सांगू शकतात.

स्टेरॉइडच्या गोष्टीकडे परत येते, कारण ती 1989 ला संपली नाही. आढावा आहे म्हणजे प्रश्न मिटला, असं मी सुरुवातीला मानायचे. ते चूक होतं. हा उपचार सिद्ध झाला तो मुख्यतः सुसज्ज रुग्णालयांत. 2015 साली सहा देशांतल्या एका मोठ्या चाचणीत तोच उपचार कमी सोयींच्या ठिकाणी पसरवून पाहिला, आणि निकालाने सगळ्यांना हादरवलं. सर्वांत लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, एकूण नवजात मृत्यू थोडे वाढलेच. मग खरं काय? गेट्स फाउंडेशनच्या पैशांवर जागतिक आरोग्य संघटनेने नेमका हाच अडलेला प्रश्न हाती घेतला. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरिया इथल्या 29 रुग्णालयांत 2,852 स्त्रिया. गर्भाचं वय नीट तपासलेलं आणि जन्मानंतर बाळाची किमान काळजी घेता येईल अशीच ठिकाणं निवडलेली. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मिळालेल्या गटात 19.6 टक्के नवजात दगावले, न मिळालेल्या गटात 23.5 टक्के. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मधेच थांबवण्यात आली. निष्कर्ष 2020 साली आले आणि 2022 साली संघटनेने आपल्या शिफारशी सुधारल्या: उपचार द्यावा, पण या अटी पाळूनच. आज लायब्ररीत या विषयावरचा जो आढावा आहे, त्याच्या 2020 च्या आवृत्तीत 27 चाचण्या आणि 11,272 स्त्रिया आहेत.

संशोधनाला दिलेल्या पैशाचं चीज व्हावं म्हणजे काय व्हावं, असं मला कोणी विचारलं तर मी ही चाचणी दाखवते. ती काही पहिली नव्हती, औषध नवं नव्हतं, कोणाच्या प्रयोगशाळेचं त्यामुळे नाव झालं नाही. आधीचं सगळं वाचून, ते कुठे अडलंय ते ओळखून, बरोबर त्या जागी पैसा ठेवला गेला.

लायब्ररीच्या मर्यादा सांगायलाच हव्यात. पूर्ण आढावा सगळ्यांना ताबडतोब मोफत नसतो. काही देशांत सरकारी परवान्यामुळे किंवा कमी उत्पन्नाचा देश म्हणून सर्वांना खुला असतो, इतरत्र वर्गणी लागते. 2013 नंतर छापलेले आढावे मात्र वर्षभराने सगळ्यांना खुले होतात. लहान फाउंडेशनांना यामुळे अडचण येते, आणि पुराव्याचं हे भांडार पहिल्या दिवसापासून पूर्ण उघडं असायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी लागणारा पैसा आमच्यासारख्या संस्थांनीच एकत्र येऊन उभा करायला हवा. आम्ही चाचण्यांना आनंदाने देतो, आढाव्यांना देताना हात आखडतो. ब्रिटनमधल्या आढावा गटांना मिळणारा तिथल्या राष्ट्रीय संस्थेचा निधी 2023 साली थांबला, तेव्हा या सगळ्या डोलाऱ्याचा पाया किती थोड्या देणाऱ्यांवर उभा आहे ते दिसलं.

दुसरं, आढावे जुने होतात. चाचण्यांचा शोध कोणत्या तारखेपर्यंत घेतला ते गोषवाऱ्यातच लिहिलेलं असतं. आधी ती तारीख वाचा, निष्कर्ष नंतर. तिसरं, हे भांडार आरोग्यापुरतं आहे. शिक्षण, गुन्हेगारी, समाजकल्याण यांसाठी 2000 साली सुरू झालेलं कॅम्पबेल कोलॅबोरेशन बघावं. आणि मूलभूत विज्ञानाला पैसे देणाऱ्यांना इथे फारसं काही मिळणार नाही. पेशीत काय चालतं या कुतूहलाला आढाव्याची फूटपट्टी लावू नये.

आमच्या अर्जात आता पहिलाच प्रश्न असतो: या विषयावर आधी काय माहीत आहे, ते कसं शोधलंत आणि तुमची चाचणी त्यात काय भर घालेल? सुरुवातीला संशोधकांची नाराजी झाली. ‘आम्हाला आमचा विषय माहीत आहे,’ असं एका ज्येष्ठांनी फोनवर सुनावलं. त्यांचा मान राखूनच मी त्यांना 2011 साली छापलेल्या एका पाहणीबद्दल सांगितलं: नव्या चाचण्यांचे अहवाल त्याच विषयावरच्या आधीच्या चाचण्यांपैकी पाव हिश्शाचाही उल्लेख करत नाहीत, आणि आधी कितीही चाचण्या झालेल्या असल्या तरी उल्लेख साधारणपणे दोघींचाच. त्यांनी पुढच्या आठवड्यात सुधारलेला अर्ज पाठवला. त्यात सात आधीच्या चाचण्या होत्या.

एका तरुण संशोधिकेचा अनुभव मला जास्त जवळचा वाटतो. तिच्या विषयावरच्या आढाव्यात सहा चाचण्या होत्या, पण वेदना मोजायला सहाही जणांनी वेगवेगळ्या पट्ट्या वापरलेल्या, त्यामुळे आकडे एकत्रच करता आले नव्हते. ती सातवी पट्टी घेऊन आली होती. आढावा वाचून ती स्वतःच थांबली. दोन महिन्यांनी परत आली ती कॉमेट या उपक्रमाच्या नोंदीतून त्या आजारासाठी ठरलेले समान परिणाम घेऊन. 2010 पासून चाललेला हा उपक्रम एकेका आजारात सर्वांनी किमान काय मोजावं हे जमवून ठेवतो. खर्च तितकाच राहिला. पण तिची चाचणी आता पुढच्या आढाव्यात इतरांशेजारी बसू शकेल.

राहिली दुसरी गळती, न छापलेल्या निष्कर्षांची. जे कुठेच जाहीर झालं नाही, ते कितीही चांगल्या ग्रंथपालाला सहजी सापडणार नाही. इथे लायब्ररीचे हात बांधलेले असतात, आमचे नसतात. 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या निवेदनावर वेलकम ट्रस्ट, गेट्स फाउंडेशन, आपली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद अशा अनेक देणाऱ्यांनी सह्या केल्या: चाचणी सुरुवातीलाच नोंदवायची आणि संपल्यापासून बारा महिन्यांत निष्कर्षांचा सारांश नोंदणीच्या जागी जाहीर करायचा. आम्ही तेच कलम आमच्या करारात घातलं आणि शेवटचा हप्ता त्याला बांधला. निष्कर्ष ‘काहीच फरक नाही’ असा आला तरी चालेल, पण तो दिसला पाहिजे. गेल्या वर्षी अशाच एका फरक न पडलेल्या चाचणीचा सारांश जाहीर झाला. त्या संशोधकाला वाटत होतं की आम्ही नाराज होऊ. मी त्याला पत्र लिहून आभार मानले, आणि मनापासून मानले.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो वर्गणीच्या दारासाठी. ज्यांच्याकडे वाचायला वेळ नाही अशा संस्थांनी एखाद्या ग्रंथपालाचे आठवड्याचे काही तास विकत घ्यावेत. आम्ही तसंच करतो, आणि आमच्या खर्चातला तो सर्वांत लहान आकड्यांपैकी एक आहे.

मागच्या बैठकीत एका प्रस्तावावर सगळे अनुकूल होते. टिपणात मी आढाव्याचा निष्कर्षही दिला होता. आमच्या सर्वांत ज्येष्ठ विश्वस्त बाई चष्मा काढून म्हणाल्या, ‘ताई, यातला शोध कुठल्या तारखेपर्यंतचा आहे?’ ते लिहायचं राहून गेलं होतं. मधल्या सुट्टीत पाहून सांगितलं: साडेतीन वर्षांपूर्वीपर्यंतचा. प्रस्ताव पुढच्या बैठकीवर गेला. तोपर्यंत मधल्या काळातल्या चाचण्या शोधायच्या आहेत, आजवर दोन सापडल्या आहेत.